दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक : सुपरहिरोकथांतून काढल्या जाणाऱ्या नेतृत्वबोधाची चिकित्सा

१. प्रश्नाचे स्वरूप

कथेतून बोध घेण्याची प्रवृत्ती कथेइतकीच प्राचीन आहे. विष्णुशर्म्याने तीन मंदबुद्धी राजपुत्रांना सहा महिन्यांत नीतिशास्त्रात निपुण करण्याचे पत्करले आणि त्यासाठी कथांचा आश्रय घेतला, असे पंचतंत्राच्या कथामुखात सांगितले आहे. त्या अर्थी पंचतंत्र हे नेतृत्वशिक्षणाचे एक पाठ्यपुस्तकच होय. आधुनिक कार्यालयांतील प्रशिक्षणवर्ग आणि व्यवस्थापनविषयक सुबोध लेखन यांत आज जे अनेक कथाप्रकार बोधासाठी वापरले जातात, त्यांत अमेरिकन सुपरहिरोकथांना विशेष स्थान मिळाले आहे. सुपरमॅनपासून आपले मर्मस्थान ओळखण्यास शिकावे, बॅटमॅनपासून पूर्वतयारी आणि पडल्यावर पुन्हा उठणे शिकावे, स्पायडरमॅनपासून जबाबदारी शिकावी आणि ‘अ‍ॅव्हेंजर्स’पासून भिन्न स्वभावांच्या माणसांचा संघ बांधण्यास शिकावे, असा या बोधाचा साधारण साचा आहे. कार्यालयाबाहेरही या प्रवृत्तीचा विस्तार झालेला दिसतो. दीपक चोप्रा यांनी गोथम चोप्रा यांच्यासह २०११ मध्ये प्रसिद्ध केलेले पुस्तक सुपरहिरोंच्या आधारे सात आध्यात्मिक नियम मांडते.

पंचतंत्र आणि सुपरहिरोकथा यांत मात्र एक मूलभूत भेद आहे. पंचतंत्रातील कथा बोधासाठीच योजलेल्या असल्याने कथेची घडण आणि कथेचे तात्पर्य ही परस्परांना धरून असतात. सुपरहिरोकथा प्रथम दहा सेंटांच्या मासिकांसाठी आणि पुढे चित्रपटांसाठी रचल्या गेल्या; त्यांतील बोध मागाहून, दुसऱ्याच मंडळींनी, दुसऱ्याच प्रयोजनासाठी काढलेला आहे. केवळ एवढ्यावरून तो त्याज्य ठरत नाही. कथेचा अर्थ कर्त्याच्या हेतूपुरता मर्यादित नसतो, हे समीक्षेला मान्यच आहे. परंतु मागाहून काढलेला बोध कथेतून निघतो की कथेवर लादला जातो, याची परीक्षा होणे अगत्याचे आहे. कारण ज्यांच्यावर हा बोध प्रशिक्षणाच्या रूपाने येतो, त्या नोकरदार माणसांना त्याचे परिणाम प्रत्यक्ष भोगावे लागतात.

संज्ञेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. ‘अतिमानव’ हा मराठी शब्द नीत्शेच्या तत्त्वज्ञानाशी निगडित झालेला आहे आणि ‘महानायक’ हा चित्रपटातील लोकप्रिय नटासाठी रूढ झाला आहे. म्हणून प्रस्तुत विवेचनात मराठी वाचकांच्या नित्य परिचयाचा ‘सुपरहिरो’ हाच शब्द योजला आहे.

२. परीक्षेचे साधन

अशा परीक्षेसाठी लागणारे साधन मराठी गद्याच्या आरंभकाळातच उपलब्ध आहे. महानुभाव पंथाच्या ‘दृष्टान्तपाठा’ची रचना त्रिविध आहे. प्रथम चक्रधरस्वामींचे सूत्र, नंतर त्यांनीच सांगितलेला दृष्टान्त आणि शेवटी केसोबासाने जोडलेले दार्ष्टान्तिक. सूत्रात सिद्धान्त असतो, दृष्टान्तात लौकिक कथा असते आणि त्या कथेचा सिद्धान्ताशी मेळ कसा बसतो हे दार्ष्टान्तिकात उलगडलेले असते. कथेतील अमुक घटक म्हणजे सिद्धान्तातील अमुक घटक, अशी जुळणी तेथे स्पष्टपणे करावी लागते. दार्ष्टान्तिक हा वरवर गौण वाटणारा भाग असला, तरी दृष्टान्ताचे प्रामाण्य त्याच्यावरच अवलंबून असते. कथा कितीही रम्य असली, तरी जुळणी फसली म्हणजे ती सिद्धान्ताला आधार देऊ शकत नाही.

कार्यालयीन नेतृत्वबोधात सूत्र असते आणि दृष्टान्तही असतो. दार्ष्टान्तिक मात्र बहुधा गृहीत धरलेले असते. त्यामुळे परीक्षेसाठी तीन प्रश्न विचारावे लागतात. बोधात सांगितलेला घटक मूळ कथेत खरोखर त्याच रूपात आहे काय? कथेत त्या घटकाचे जे कार्य आहे, तेच कार्यालयात संभवते काय? आणि बोध काढताना कथेतील कोणता भाग वगळला गेला आहे? पुढील विवेचनात नेतृत्व, जबाबदारी आणि आघातातून सावरण्याची क्षमता या तीन बोधांना हे प्रश्न क्रमाने लावून पाहिले आहेत.

३. नेता आणि नायक

‘नेता’ आणि ‘नायक’ हे दोन्ही शब्द ‘नी’ म्हणजे नेणे या एकाच धातूपासून सिद्ध झाले आहेत. धनंजयाच्या ‘दशरूपका’त रूपकांचे भेद वस्तु, नेता आणि रस यांवरून केले आहेत, तेथे ‘नेता’ म्हणजे नाटकाचा नायक. मराठी वाचकाला कथानायकावरून लोकनेत्याकडे जाणे स्वाभाविक वाटते, त्यामागे शब्दांचे हे सख्यही आहे. परंतु नाट्यशास्त्रातील नेता काय नेतो, हा प्रश्न विचारला की भेद स्पष्ट होतो. तो कथावस्तूला फलाकडे नेतो आणि त्या फलाचा अधिकारीही तोच असतो. लोकांना नेणारा तो पुढारी. ‘धुरीण’ या शब्दात आणखी निराळी कल्पना आहे. जो धुरा वाहतो, म्हणजे ओझ्याखाली स्वतः खांदा देतो, तो धुरीण. भारतीय सैन्यात तर ‘नायक’ हे लान्स नायकाच्या वरचे आणि हवालदाराच्या खालचे पद आहे; तेथे नायकाला नेमून दिलेली तुकडी असते आणि हुकूम देणारे वरिष्ठही असतात. शब्द एक असला, तरी कथेचा नायक आणि कामाचा नायक यांची कार्ये भिन्न आहेत.

हा भेद सुपरमॅनच्या कथेत विशेष ठळकपणे दिसतो. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांचा हा नायक १९३८ मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरला. तो वृत्तपत्रात नोकरी करतो. त्या वृत्तपत्राचे नाव आरंभी ‘डेली स्टार’ होते, ते १९४० मध्ये ‘डेली प्लॅनेट’ झाले. कार्यालयात तो क्लार्क केंट असतो. चश्मा लावतो, भिडस्तपणे वागतो, संपादकाची बोलणी निमूटपणे ऐकतो. त्याचे सामर्थ्य प्रकट होते ते कार्यालयाबाहेर, पोशाख बदलल्यावर. म्हणजे ज्या कथेतून कार्यालयातील नेतृत्वाचा बोध काढला जातो, त्या कथेत कार्यालय हे सामर्थ्य लपवण्याचे स्थान आहे. सुपरमॅन कोणाला काम वाटून देत नाही, कोणाचे मत विचारत नाही, कोणाला तयार करत नाही. त्याच्या अनुपस्थितीत काम कसे चालावे याची व्यवस्थाही त्याने केलेली नाही, आणि व्यवस्थापनशास्त्र तर नेमकी याच गोष्टींना नेतृत्व म्हणते.

माक्स वेबरने १९२२ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अधिमान्य सत्तेचे तीन प्रकार सांगितले आहेत : परंपराधिष्ठित, नियमाधिष्ठित आणि व्यक्तीच्या असामान्य प्रभावावर अधिष्ठित. आधुनिक कार्यालय दुसऱ्या प्रकारात मोडते आणि सुपरहिरो तिसऱ्या प्रकारात. तिसऱ्या प्रकारचा नमुना दुसऱ्या प्रकारच्या संस्थेला लावला, म्हणजे अधिकार पदाकडून व्यक्तीकडे सरकतो. मग अधिकाऱ्याने नियमांचे पालन केले काय, हा प्रश्न मागे पडतो आणि त्याच्या ‘प्रभावा’ची चर्चा होऊ लागते. हाताखालच्या माणसाच्या दृष्टीने हा बदल निरुपद्रवी नाही, कारण नियमाविरुद्ध दाद मागता येते, प्रभावाविरुद्ध ती मागता येत नाही.

सुपरमॅनच्या मर्मस्थानाविषयीचा बोध याच परीक्षेत टिकत नाही. क्रिप्टोनाइट हा पदार्थ प्रथम १९४३ मध्ये नभोवाणीवरील मालिकेत आला आणि १९४९ मध्ये चित्रकथेत शिरला; म्हणजे नायकाच्या जन्मानंतर चित्रकथेने सुमारे अकरा वर्षे त्याच्यावाचून काढली. ज्याला काहीच इजा करू शकत नाही अशा नायकाची कथा फार काळ रंगत नाही, म्हणून संकटाची तजवीज करावी लागते. क्रिप्टोनाइट ही अशी कथानकाची गरज आहे. तो नायकाच्या स्वभावातील दोष नसून बाहेरून येणारा दगड आहे, आणि आत्मपरीक्षणाने तो सापडण्याजोगा नाही. बोधाचे सूत्र स्वभावदोषाविषयी आणि दृष्टान्त बाह्य वस्तूविषयी असल्याने येथे दार्ष्टान्तिक जुळत नाही.

४. एका वाक्याचा अर्थ

स्पायडरमॅनच्या कथेतून जबाबदारीचा जो बोध काढला जातो, तो अधिक गंभीर विचारास पात्र आहे. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांची ही कथा १९६२ मध्ये ‘अमेझिंग फँटसी’च्या पंधराव्या अंकात आली. पीटर पार्करला अद्भुत सामर्थ्य लाभते. तो त्याचा उपयोग पैसा आणि प्रसिद्धी मिळवण्यासाठी करतो. पळणाऱ्या चोराला अडवणे आपले काम नव्हे म्हणून त्याला जाऊ देतो. आणि पुढे तोच चोर त्याच्या चुलत्याचा खून करतो. सामर्थ्य आणि जबाबदारी यांची सांगड घालणारे सुप्रसिद्ध वाक्य या कथेच्या अखेरच्या चौकटीत येते.

या वाक्याविषयी दोन भाषिक गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली अशी की, १९६२ च्या कथेत ते कोणत्याही पात्राच्या तोंडी नाही. ते निवेदकाचे आहे. पुढील पुनःकथनांत, विशेषतः २००२ च्या चित्रपटामुळे, ते चुलत्याचा उपदेश म्हणून रूढ झाले. दुसरी गोष्ट क्रियापदाच्या अर्थाची, म्हणजे मराठी व्याकरणात ज्यांना स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ म्हणतात त्यांविषयीची आहे. मूळ वाक्यातील क्रियापद कर्तव्य सुचवणारे, म्हणजे विध्यर्थाच्या जवळचे आहे. सामर्थ्याबरोबर जबाबदारी यावयास हवी, असा त्याचा रोख आहे. लोकांच्या तोंडी असलेल्या रूपात कर्तव्यवाचक अंश गळून क्रियापद स्वार्थात आले आहे. जबाबदारी येते, असे ते केवळ सांगते. ‘यावयास हवी’ असे म्हणणारा माणूस ती न येण्याची शक्यता मान्य करतो; किंबहुना ती आली नाही म्हणूनच तर ही कथा घडली. ‘येते’ असे म्हटले की ती शक्यता नाहीशी होते, आणि ज्याच्या हाती सत्ता आहे तो सत्तेमुळेच जबाबदार ठरतो. कार्यालयीन बोधात हे दुसरे रूपच प्रचलित असावे, हा योगायोग मानणे कठीण आहे. अधिकाऱ्याला ते अधिक सोयीचे आहे.

‘जबाबदारी’ या शब्दाची घडणही येथे उपयोगी पडते. ‘जबाब’ म्हणजे उत्तर; जबाब देणे ज्याच्याकडे लागते तो जबाबदार. ‘उत्तरदायित्व’ हा संस्कृत पर्यायही त्याच कल्पनेवर उभा आहे. उत्तराला प्रश्न लागतो आणि प्रश्नाला विचारणारा लागतो. स्पायडरमॅनला विचारणारा कोणी नाही. तो स्वतःच स्वतःला विचारतो. कथेच्या दृष्टीने ही आत्मपीडाच तिचे बळ आहे. परंतु कार्यालयातील अधिकाऱ्याला स्वतःच प्रश्न विचारण्याची आणि स्वतःच उत्तर देण्याची मुभा दिली, तर जबाबदारी ही केवळ एक मनोवृत्ती ठरते. ‘कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर’ या २०१६ च्या चित्रपटात हा प्रश्न उघडपणे उभा राहतो. सुपरहिरोंच्या कारवायांत सामान्य माणसे मेल्यानंतर ११७ राष्ट्रे एक करार पुढे करतात आणि यापुढे या संघाने आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली काम करावे असे म्हणतात. टोनी स्टार्क तो मान्य करतो, स्टीव्ह रॉजर्स नाकारतो आणि संघ फुटतो. संघबांधणीचा बोध काढणाऱ्यांनी पुढचा विचार येथे करावयास हवा, कारण या संघाला फोडणारा प्रश्न स्वभावभिन्नतेपेक्षा मोठा आहे. आपल्याला प्रश्न कोणी विचारावा, हा तो प्रश्न होय.

५. स्थितिस्थापक आणि भावना

आघातानंतर सावरण्याच्या क्षमतेसाठी इंग्रजीत जो शब्द वापरतात, तो मागे उडी घेणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला आहे. पदार्थविज्ञानात त्याने पदार्थाचा एक गुण दाखवला, परिसरविज्ञानात सी. एस. हॉलिंगने १९७३ मध्ये त्याला नवा आशय दिला आणि मानसशास्त्रातून तो कार्यालयात आला. मराठीत त्यासाठी लवचिकता, चिवटपणा, तग धरणे, स्थितिस्थापकता असे पर्याय योजले जातात आणि त्यांतील प्रत्येक पर्याय निराळी प्रतिमा घेऊन येतो. वाकणारी फांदी लवचीक असते. चिवट वस्तू तुटत नाही, मग तिचा आकार राहो वा न राहो. तग धरणे हे परिस्थितीच्या संदर्भातच बोलले जाते. दुष्काळात पीक तग धरते, आणि पावसाचा एक शिडकावा झाला म्हणून धरते.

‘स्थितिस्थापक’ हा शब्द मुळात न्यायवैशेषिक परंपरेतील आहे. तेथे संस्काराचे तीन प्रकार मानले आहेत : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. गुंडाळलेली चटई सोडली म्हणजे पूर्वस्थितीला येते, ती स्थितिस्थापक संस्कारामुळे. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त हा संस्कार चटईसारख्या पार्थिव वस्तूंच्या ठिकाणी सांगितला आहे, आत्म्याच्या ठिकाणी जो संस्कार असतो तो भावना, आणि तो अनुभवातून उत्पन्न होऊन स्मृतीला कारण होतो. या विभागणीत एक मोठा विवेक आहे. चटईला आपण गुंडाळले गेलो होतो हे आठवत नाही, म्हणून ती पूर्ववत होते. माणसाला आठवते. आघातानंतरचा माणूस आघातापूर्वीचा नसतो, आणि त्याने पूर्ववत व्हावे ही अपेक्षा त्याच्यावर चटईचा धर्म लादणारी आहे.

बॅटमॅनची १९९३–९४ मधील ‘नाइटफॉल’ ही कथामाला या दृष्टीने तपासण्याजोगी आहे, कारण पडून पुन्हा उठण्याच्या बोधाला तिच्यातील प्रसंगाचाच मुख्य आधार असतो. बेन नावाचा प्रतिनायक प्रथम अर्कहॅम येथील सर्व बंदिवानांना मोकळे सोडतो. आधीच थकलेला बॅटमॅन त्यांना एकामागून एक पकडत सुटतो. रॉबिन आणि आल्फ्रेड त्याला विश्रांती घेण्यास विनवतात. तो ऐकत नाही, आणि काम वाटूनही देत नाही. पूर्ण गलितगात्र होऊन तो घरी येतो, तेव्हा बेन तेथे त्याची वाट पाहत असतो आणि त्याचा कणा मोडतो. कणा मोडला जातो तो बेनच्या हातून, पण त्यामागचे कारण विसावा न घेता एकट्याने चालवलेले काम हे आहे, असे कथेची मांडणीच सांगते. ही अतिश्रमाची कथा आहे.

तो सावरतो कसा, हे त्याहून महत्त्वाचे आहे. चित्रकथेत डॉ. शोंड्रा किन्सॉल्व्हिंग या स्त्रीजवळ अलौकिक उपचारशक्ती असते. तिच्यामुळे त्याचा कणा सांधला जातो, आणि त्याची किंमत म्हणून तिचे मन बाल्यावस्थेत जाते. नायक पूर्ववत होतो आणि वैद्य उद्ध्वस्त होते. ‘द डार्क नाइट राइझेस’ या २०१२ च्या चित्रपटात हे पात्र नाही. तेथे एक सहबंदी त्याचा सरकलेला मणका बसवतो आणि पुढे नायक खोल कारागृहातून दोर न बांधता वर चढतो. बोधाच्या वाङ्मयाला हा दोरावाचूनचा आरोह प्रिय आहे. मात्र चढण्यापूर्वी कणा दुसऱ्याच कोणीतरी बसवला होता, हे चित्रपटातही खरे आहे. दोर सोडण्याचा क्षण लक्षात राहतो आणि मणका बसवणारा हात विस्मरणात जातो. चित्रकथेतील वैद्याचे बलिदान तर बोधाच्या कक्षेबाहेरच राहते. तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे काय वगळले गेले याचे, इतके स्पष्ट उत्तर अन्य दृष्टान्तात क्वचितच मिळेल.

मानसशास्त्रातील संशोधन या वगळलेल्या भागाकडेच बोट दाखवते. हवाईतील कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. दारिद्र्य, कौटुंबिक कलह इत्यादी अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले समर्थ प्रौढ झाली. त्यांच्या बाबतीत स्वभावगुणांबरोबरच जिव्हाळ्याने वागणारी निदान एक प्रौढ व्यक्ती आणि कुटुंबाबाहेरचा आधार या गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या. आरंभीच्या लेखनात अशा मुलांना अभेद्य म्हटले जाई. पुढे तो शब्द मागे पडला. ॲन मास्टन यांनी २००१ मध्ये या संशोधनाचा आढावा घेताना सावरण्याची क्षमता ही असामान्य नसून सामान्य मानवी आधारव्यवस्थांतून उत्पन्न होते, असा निष्कर्ष मांडला. कवाईची मुले म्हणजे कार्यालयातील नोकर नव्हेत. तेव्हा येथेही दार्ष्टान्तिकाची शिस्त पाळली पाहिजे आणि त्या अभ्यासातून कार्यालयासाठी थेट नियम काढता कामा नये. परंतु ज्या शास्त्राची संज्ञा हा बोध वापरतो, त्या शास्त्रानेच सुपरहिरोचा नमुना बाजूला ठेवला आहे, एवढे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

६. कथांमागील कार्यालय

सुपरहिरोकथा या स्वतःच एका कार्यालयीन व्यवस्थेत निर्माण झालेल्या आहेत. कार्यालयाविषयीचा बोध त्यांतून घेताना त्या व्यवस्थेचा इतिहास अप्रस्तुत ठरवता येत नाही. सीगल आणि शुस्टर यांनी १९३८ मध्ये १३० डॉलरांच्या मोबदल्यात सुपरमॅनचे सर्व हक्क प्रकाशकाला लिहून दिले. १९४७ मध्ये त्यांनी न्यायालयात दाद मागितली; त्यानंतर कथांवरील त्यांचे नावही नाहीसे झाले. १९७५ मध्ये, सुपरमॅनवरील मोठ्या चित्रपटाची तयारी चालू असताना आणि सार्वजनिक टीका झाल्यानंतर, दोघांना प्रत्येकी वार्षिक वीस हजार डॉलरांचे वेतन आणि निर्माते म्हणून नामोल्लेख मिळाला. बॅटमॅनच्या बाबतीत १९३९ पासून केवळ बॉब केन यांचे नाव छापले जात होते. नायकाचे रूप आणि आरंभीच्या कथा घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते बिल फिंगर १९७४ मध्ये निवर्तले. त्यांच्या नावाचा अधिकृत उल्लेख २०१५ मध्ये सुरू झाला. जॅक कर्बी यांना स्वतः काढलेली मूळ चित्रे परत मिळवण्यासाठी १९८०च्या दशकात प्रदीर्घ वाद करावा लागला. १९८७ मध्ये त्यांतील काही भागच त्यांच्या हाती आला. त्यांच्या वारसांचा हक्कांविषयीचा दावा २०१४ मध्ये तडजोडीने मिटला.

स्पायडरमॅनच्या मासिकातही कथानकाचे श्रेय पंचविसाव्या अंकापासून, म्हणजे १९६५ पासून, डिट्को यांना छापील स्वरूपात मिळू लागले. १९६६ मध्ये त्यांनी ते काम सोडले. तेहेतिसाव्या अंकातील ज्या प्रसंगात यंत्राच्या प्रचंड ढिगाऱ्याखाली सापडलेला नायक आजारी चुलतीला औषध पोहोचवण्यासाठी तो ढिगारा उचलतो, तो प्रसंग जिद्दीचा आदर्श म्हणून ख्यातनाम आहे. त्या पानांची कल्पना आणि रेखाटन करणारा कलावंत मात्र त्यानंतर थोड्याच काळात बाहेर पडला.

या घटनांवरून प्रकाशकांवर नैतिक निवाडा देणे हा येथील उद्देश नाही. त्या काळच्या करारपद्धतीत हक्क लिहून घेणे सर्रास रूढ होते. परंतु या कलावंतांच्या आयुष्यातील ‘सावरणे’ कशामुळे शक्य झाले, हे पाहिले पाहिजे. वकील, व्यवसायबंधूंचा पाठिंबा, वृत्तपत्रांतील टीका आणि अखेर झालेले करार यांमुळे ते शक्य झाले. व्यक्तिगत चिवटपणा त्यांच्या ठिकाणी विपुल होता. तो एकटा पुरेसा ठरला नाही.

७. समारोप

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. प्रशिक्षणवर्गात सुपरहिरोंचे नाव घेतले जाते ते केवळ रंजनासाठी. श्रोते त्याला शास्त्र मानत नाहीत. मग दार्ष्टान्तिकाची एवढी कसोटी कशासाठी? आक्षेपात तथ्य आहे, पण तो अपुरा आहे. रंजनासाठी निवडलेला दृष्टान्तही श्रोत्याच्या मनात कर्ता कोण आणि कर्म कोणते याची एक रचना स्थिर करतो. सुपरहिरोच्या दृष्टान्तात कर्ता नेहमी एकवचनी असतो आणि संकट बाहेरून आलेले असते. तीच रचना कार्यालयाला लावली की कामाचा भार, अपुरी माणसे, अन्यायकारक नियम या गोष्टी संकटासारख्या आपोआप आलेल्या भासतात, आणि त्यांना तोंड देणे हा प्रत्येकाच्या वैयक्तिक सामर्थ्याचा प्रश्न बनतो. जो थकतो, तो दुबळा ठरतो. भार कोणी आणि का टाकला, हे विचारण्यासाठी लागणारे वाक्यच या रचनेत तयार होत नाही.

उंबेर्तो एको यांनी १९६२ मध्ये लिहिलेल्या सुपरमॅनविषयक निबंधात असे निदर्शनास आणले की, जगाची घडी बदलण्याचे सामर्थ्य असलेला हा नायक आपले कार्य लहानशा नगरापुरते आणि दानधर्माच्या पातळीवर ठेवतो. व्यवस्थेला तो हात लावत नाही. नंतरच्या सुपरमॅनविषयी हा अभिप्राय यथार्थ आहे. परंतु अगदी आरंभीच्या कथांत त्याला एक मार्मिक अपवाद सापडतो, आणि तो अपवाद नेमका कामाच्या जागेविषयी आहे. ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या तिसऱ्या अंकातील, १९३८ च्या कथेत खाणीत अपघात होऊन एक कामगार जखमी होतो. क्लार्क केंट मालकाची मुलाखत घेतो, तेव्हा मालक दोष कामगाराच्या निष्काळजीपणाला देतो. पुढे मालक आपल्या श्रीमंत पाहुण्यांसह गंमत म्हणून खाणीत उतरतो, आणि सुपरमॅन खाणकामगाराच्या वेषात राहून बाहेर पडण्याची वाट ढासळवतो. सुरक्षेची साधने निकामी आहेत, हे मालकाला तेथे, अडकल्यावर, कळते. स्वतः दगडमाती उपसण्याची पाळी आल्यावर तो खाण सुरक्षित करण्याचे कबूल करतो.

या कथेचे दार्ष्टान्तिक मात्र सहज जुळते, कारण तिच्यातील खाण ही खाणच आहे. मालक, कामगार, अपघात, दोषारोप आणि निकामी साधने हे सर्व घटक कोणत्याही प्रतिमेच्या मध्यस्थीवाचून कार्यालयाला लागू पडतात. मालकाला खाणीत कोंडण्याचा नायकाचा मार्ग अर्थातच अनुकरणीय नाही. बोध घ्यावयाचा तो कथेतील निदानाचा. जखमी कामगाराला येथे कोणी खंबीर होण्यास सांगत नाही. ज्याच्या हाती साधने दुरुस्त करण्याचा अधिकार आहे, त्याला ती साधने तपासावयास लावले जाते. नेतृत्वबोधाच्या प्रचलित साच्यात ही कथा बसत नाही, आणि ती का बसत नाही याचा विचार केला म्हणजे त्या साच्याचे स्वरूप स्पष्ट होते. तो साचा कथेकडे नायकाच्या जागेवरून पाहतो; खाणीच्या तळाशी असलेल्या माणसाच्या जागेवरून पाहत नाही.

तात्पर्य, सुपरहिरोकथांपासून कार्यालयाने काही शिकू नये असे म्हणण्याचे कारण नाही. शिकावयाचे असेल, तर संपूर्ण कथा घ्यावी लागेल : अतिश्रमाने मोडलेला कणा, तो सांधणारी विस्मृत वैद्य, उत्तर मागणारी राष्ट्रे, निकामी साधनांची खाण आणि १३० डॉलरांचा करार यांसह. केसोबासाने प्रत्येक दृष्टान्तापाशी थांबून जे काम केले, ते येथेही कोणीतरी करावयास हवे. मराठीत व्यवस्थापनविषयक लेखन आणि भाषान्तरे वाढत असताना भाषाभ्यासकांना या कामात वाटा उचलता येईल. संज्ञा कोणती निवडली, क्रियापद कोणत्या अर्थात योजले आणि वाक्याचा कर्ता कोणाला केले, या प्रश्नांची छाननी हे त्यांचे नित्याचेच कार्य आहे.